सूज तिसऱ्या दिवशी वाढते

"थुंकायचं नाही," डॉक्टर फरांदे म्हणाले. "तोंडात काही जमा झालं तरी गिळून टाका. जोरात चूळ भरली, स्ट्रॉनं ओढून काही प्यायलं, की आत धरलेली रक्ताची गाठ निघते आणि सगळं काम बिघडतं."

मी मान हलवली. दातांत कापसाची घडी दाबून धरली होती आणि वरचा ओठ माझा नव्हताच, कुणीतरी चिकटवून दिल्यासारखा वाटत होता.

"आज मऊ आणि गार खा. चहा प्यायचाच तर कोमट. गालावर बर्फ, थोडा वेळ ठेवायचा, थोडा वेळ काढायचा. उद्यापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात घ्या, मान इकडून तिकडे कलती करा आणि बेसिनमध्ये नुसतं सोडून द्या. झोपताना दोन उशा. आणि सूज आज दिसणार नाही, उद्या येईल. तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. तेव्हा आरशात बघून घाबरू नका. चौथ्या दिवसापासून उतरायला लागते. उतरली नाही, ताप आला, किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, तर मात्र लगेच या."

"तिसऱ्या दिशी जास्त?" कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज आला.

माझ्या सासूबाई होत्या त्या. नाव हौसाबाई, पण आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना आत्या म्हणायची. फिकं नऊवारी, तोंडावर पदर धरलेला.

"हो आजी."

"आन् दुकतं किती?"

"भूल उतरली की ठणकेल. गोळीनं थांबतं. लोकांना वाटतं तेवढं दुखत नाही."

"हाडात भोक पाडूनबी?"

डॉक्टर हसले. "हाडाला फारसं कळत नाही, आजी. हिरडीला कळतं."

आत्यांनी ते ऐकून घेतलं आणि पदर पुन्हा तोंडावर ओढला. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. मी एका हायस्कुलात भूगोल शिकवायची, डॉक्टरांची मुलगी माझ्या वर्गात होती, आणि माझी सासू त्यांची उलटतपासणी घेत होती.

स्कूटरवरून पडून माझा वरचा पुढचा दात मोडला, त्यानंतर बरंच रामायण झालं. आधी टोपी बसवली, मग मूळच तडकलं, शेवटी दात काढावा लागला. आता त्या जागी हाडात स्क्रू बसवला होता. हाड त्याला धरून घट्ट झालं की तीन-चार महिन्यांनी वर कायमचा दात लागणार होता. मे महिन्याची सुट्टी म्हणून मी हे काम आत्ता काढलं. माझे यजमान, जयसिंग, पाटबंधारे खात्यात, धरणावर ड्यूटी. ते फक्त शनिवारी कराडला यायचे. मुलगी पुण्याला शिकायला. मी एकटीच निभावून नेणार होते. सहज फोनवर आत्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मी येतीया."

मला नवल वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आत्या आमच्याकडे कधी दोन दिवसांवर राहिल्या नव्हत्या. आल्या तरी आमच्याबरोबर जेवायच्या नाहीत. "तुमी बसा, माजं मागनं हुतंय," म्हणायच्या आणि सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून एकट्या बसायच्या. हसायच्या कमी आणि हसल्या तर पदरात. मी शिकलेली, नोकरी करणारी. माझ्या हातचं त्यांना रुचत नसावं, असं मी केव्हाच मनाशी धरून टाकलं होतं. वाईट वाटायचं बंद झालं होतं.

पहिला दिवस बरा गेला. संध्याकाळी भूल उतरल्यावर ठणका लागला, गोळी घेतली, थांबला. थुंकीत थोडं रक्त दिसायचं, ते डॉक्टरांनी सांगितलंच होतं. आत्यांनी न सांगता भात गुरगुट्या शिजवला, गार केला आणि दह्यात कालवून दिला.

"कुटं दुकतंय?"

मी नाकाखाली बोट दाखवलं.

"ठणकतंय का टोचतंय?"

"ठणकतंय."

"आन् स्क्रू कळतो का आत? जड लागतंय?"

"नाही हो आत्या, काही कळत नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टाके जिभेला लागतात का? रात्री झोप लागली का? तो स्क्रू पुन्हा काढावा लागतो की मरेपर्यंत राहतो? मला बोलायला त्रास होत होता, ओठ ताणला की टाके ओढायचे, आणि यांचे प्रश्न संपत नव्हते. एकदा मी वैतागून म्हटलं, "आत्या, तुम्हाला कशाला हवंय एवढं?"

"सहज," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघितलं आणि मला रडू आलं. वरचा ओठ पुढे आलेला, नाक रुंद झालेलं, उजवा डोळा अर्धा मिटलेला. डोळ्याखाली निळंजांभळं उतरलं होतं. तोंड उघडलं की मधोमध काळी फट. डॉक्टरांनी एक तात्पुरता दात दिला होता, पण तो सूज गेल्याशिवाय लावायचा नव्हता. हे सगळं होणार हे मला माहीत होतं. तरीपण माहीत असणं वेगळं आणि आरशात दिसणं वेगळं.

दहाच्या सुमाराला बेल वाजली. शाळेतल्या कुलकर्णीबाई भेटायला आल्या होत्या, त्यांचा आवाज मी ओळखला.

"मी झोपलेय म्हणून सांगा," मी आत्यांना म्हटलं आणि ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली.

आत्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग बाहेर गेल्या. बाईंना पाणी दिलं, चहाचं विचारलं, दोन शब्द बोलल्या. दार लागल्याचा आवाज आला. मग त्या माझ्या खोलीत आल्या, दार लोटलं आणि पलंगावर माझ्या पायापाशी बसल्या.

"खोटं बोलाया लावलंस मला."

"असं तोंड घेऊन कशी जाऊ बाहेर?"

"चार दिसात जानार हाय ते."

"तोवर कुणाला दिसायला नको."

त्यांनी माझ्या पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "उज्वला, ही सवय लावून घिऊ नगंस. एकदा लागली का सुटत न्हाई."

मला वाटलं, आता बोधामृत सुरू होणार. पण त्या उठल्या, खिडकीकडे वळल्या, दोन्ही हात तोंडाशी नेले. बारीकसा चिकट आवाज झाला. आणि त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर दातांची वरची सगळी ओळ होती, गुलाबी पट्टीसकट.

चेहरा त्यांचा राहिलाच नव्हता. वरचा ओठ आत गेला होता, नाक खाली उतरलं होतं, गालांना खड्डे पडले होते. पदर खांद्यावर होता, तोंडावर नव्हता. त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या आणि मी नजर काढून घेते की काय, हे पाहत होत्या.

मी नजर काढली नाही. 

"कधीपासून, आत्या?"

"जयसिंग व्हायच्या आदीपास्नं."

त्यांचे शब्द आता ओलसर, घसरट येत होते. माझेही तसेच येत होते. आम्ही दोघी एकमेकींकडे कान देऊन बोलू लागलो.

लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. गुऱ्हाळाचे दिवस होते. बैल फिरवून उसाचा चरक चालायचा तेव्हा. आत्या उसाची मोळी घेऊन जवळ गेल्या आणि बैल बुजला. चरकाचं लांब लाकूड गर्रकन फिरलं ते तोंडावर बसलं. वरचे बरेच दात तिथंच गेले. राहिले ते हलत होते.

"तुज्या आजेसासूनं बगितलं न् कपाळावर हात मारला. म्हनली, बोळकी सून दारात हुबी करून लोकांस्नी काय सांगू? महिनाभर घरात तेवडंच बोलनं. माजी माहेरी पाटवनी करायची न् दुसरी आनायची."

"आणि मामा?" मामा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना पाहिलं होतं ते शेवटपर्यंत अबोल माणूस म्हणूनच.

"त्ये काय बोलतेत? एक दिस सकाळी म्हनले, चल. मला मिरजंला नेलं. ऱ्हायलेलं दात तितं काडलं. हिरड्या भरूस्तवर धर्मशाळंत ऱ्हायलो आमी. ह्येंनी मला पेज करून घातली, स्वताच्या हातानं. मग ही पट्टी बसवून घिऊन आलं. आईला म्हनले, ही बग, दात हायती तिला." आत्या थांबल्या. "सासूनं घरात घेतलं. पर शपत घातली. ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा न्हाई. जल्मभर. मी व्हय म्हनलं."

"जयसिंगना पण माहीत नाही?"

"लेकाला काय सांगू? तुजी आई बोळकी हाय म्हनून?"

मग एकेक गोष्ट आपोआप उलगडत गेली. दर काही वर्षांनी आत्या आणि मामा नरसोबावाडीला दर्शनाला जायचे. घरात सगळे म्हणायचे, जोडप्याची दत्तावर मोठी श्रद्धा. "खोटं न्हवतं ते," आत्या म्हणाल्या. "दर्शन घ्यायचोच की. आन् फुडं मिरजंला जाऊन पट्टी नवी करून आनायची." मामा गेल्यापासून वाडी बंद झाली. आत्या एकट्या जाणार कशा, आणि कुणाला घेऊन जाणार? हिरड्या झिजल्या, पट्टी हलायला लागली. भाकरीचा घास चावला की खालून काहीतरी रुतायचं. आत्या वाळत चालल्या होत्या. आम्ही म्हणायचो, मामांच्या माघारी मन लागत नाही.

"तू फोनवर म्हनलीस, दात हाडात बसवत्यात. हलत न्हाई म्हनलीस. म्हनलं, बगावं तरी जाऊन."

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी आला नव्हता?"

त्यांनी विचार केला. "तुज्यासाठीबी आलतीच की."

ते "बी" ऐकून मला हसू फुटलं. हसले आणि टाके असे ओढले की डोळ्यांत पाणी आलं. "हसवू नका, आत्या," मी ओठ धरून म्हटलं, आणि माझा तो अवतार बघून त्याही हसायला लागल्या. पट्टी हातात, तोंड उघडं.

दुपारी मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा त्यांनी एकच पातेलं उतरवलं होतं. मऊ भात आणि फोडणी न दिलेलं वरण. दोन ताटल्या घेतल्या. आम्ही समोरासमोर बसून जेवलो.  आत्यांचं जेवण माझ्या आधी झालं आणि त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला.

शुक्रवारी डॉक्टरांनी जखम बघायला बोलावलं होतं. सूज निम्म्याहून जास्त उतरली होती, निळं होतं तिथं हिरवट पिवळं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, टाके छान आहेत, पुढच्या आठवड्यात काढू. मी खुर्चीवरून उठले आणि आत्यांकडे बघितलं. घरून निघताना त्या दाखवायला तयार होत्या. आता त्यांनी पदर घट्ट धरला होता.

"चल घरी," त्या म्हणाल्या.

मी आग्रह केला नाही. डॉक्टरांना म्हटलं, "तुमच्या मदतनीस ताईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगाल का? आणि दार लावून घ्या."

दार लागलं. मी खुर्चीपासून लांब, भिंतीला टेकून उभी राहिले.  डॉक्टरांनी घाई केली नाही, ते हात धूत बसले. शेवटी आत्या स्वतःच उठून खुर्चीवर बसल्या.

डॉक्टरांनी पट्टी काढून तोंडात दिवा धरला आणि त्यांचा चेहरा बदलला. "आजी, हे किती दिवस आहे?"

"लई."

हिरडीवर जखमा होत्या. दोन-तीन ताज्या, आणि मागे एक जुनी, कडा जाड झालेली. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ही पट्टी दोन आठवडे तोंडात जाता कामा नये. बाकीच्या जखमा भरतील. ही मागची भरली नाही, तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. त्याच्यानंतर स्क्रूचा विचार. साखर तपासू, हाड किती राहिलंय ते बघू. चार स्क्रू बसले तर त्यावर पट्टी बटणासारखी अडकते, हलत नाही. रात्री काढून ठेवायची, सकाळी लावायची. पण आधी हे."

"दोन आठवडे?" आत्या म्हणाल्या. "उद्या माजा ल्योक येनार हाय."

"येऊ दे की," डॉक्टर म्हणाले. त्यांना काय माहीत.

शनिवारी दुपारपासून आत्यांचं कशात लक्ष नव्हतं. जिन्यात पाऊल वाजलं की दचकायच्या. चारच्या पुढे मी मोरीपाशी गेले तर त्या पट्टी धूत होत्या.

"आत्या."

"घडीभरच. जेवून झोपला की काडीन."

"आणि उद्या? हे उद्या संध्याकाळी जाणार."

त्यांनी नळ बंद केला. पट्टी हातात तशीच. मागची ती जुनी जखम माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. दोन दिवस पट्टी आत गेली की पुन्हा तिथंच रुतणार. मी पट्टी हिसकावून घेऊ शकत नव्हते, आणि ओरडून सांगितलं असतं तर त्यांनी मुकाट्यानं कोंडून घेतलं असतं.

"मी पण तशीच बसते," मी म्हटलं. "ओढणी नाही, काही नाही. यांनी मला असं कधी बघितलेलं नाही. दोघींना एकदमच बघू दे."

"तुजं येगळं हाय."

"आहेच वेगळं. तुम्ही बसा तरी माझ्याजवळ."

त्यांनी पट्टी वाटीतल्या पाण्यात सोडली.

हे आले तेव्हा आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसलो होतो. यांनी दारात बॅग ठेवली, आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे बापरे, बरंच की गं." मग यांची नजर आईकडे गेली. एक बूट काढलेला, एक पायातच. आत्यांचा हात पदराकडे गेला, मधेच थांबला आणि मांडीवर आला.

"आई..." हे म्हणाले.  एका बुटावरच पुढे आले. "आई, तू अगदी आजीसारखी दिसायला लागलीस."

 सगळं सोडून नेमकी आजी! जिनं ती शपथ घातली होती, तीच. मी आत्यांकडे बघायला धजले नाही.

आणि आत्या हसल्या. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळे पुसायची वेळ आली.

"व्हय रं बाबा!" त्या म्हणाल्या. "तीबी शेवटाला बोळकीच हुती की! बोळक्या तोंडानं समद्या जत्रंत हिंडायची, पावन्या-रावळ्यासंगं खदाखदा हसायची. तवा कुनाला काय वाटलं न्हाई. तिला सवताला बी न्हाई. आन् मी बसले जपत!"

"काय जपत?" यांना काहीच कळत नव्हतं.

"बस हितं. सांगती."

त्यांनी सांगितलं. बैल, चरक, मिरज, धर्मशाळा, पेज, सगळं. हे एक बूट पायात तसाच ठेवून ऐकत होते. वडिलांनी पेज करून घातली, तिथं यांनी मान खाली घातली. सगळं सांगून झाल्यावर उठून मोरीत गेले आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले?"

ताज्या जखमा भरल्या. मागची भरली नाही. तुकडा काढून पाठवला, आणि त्याचं उत्तर येईपर्यंतचे दिवस आम्ही तिघांनी कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. वाईट काही निघालं नाही. साखर आटोक्यात यायला वेळ गेला. दसरा झाल्यावर चार स्क्रू बसले. तिसऱ्या दिवशी त्यांचं तोंड माझ्यापेक्षा जास्त सुजलं. मी काळजीत, आणि त्या मलाच समजावत होत्या, "डाक्टरनं सांगितलं न्हवतं का? उद्यापास्नं उतरतंय." हाडाला स्क्रू धरायला हिवाळा गेला. नवी पट्टी टक् करून अडकली तेव्हा चैत्र लागला होता.

त्या लगेच गावी परत गेल्या नाहीत. दवाखान्यातून निघतानाच यांना म्हणाल्या, "मला माहेरी सोड." कागलजवळच्या त्यांच्या माहेरी जत्रा होती. यांनी नेऊन सोडलं. मला वाटलं, नेहमीसारख्या संध्याकाळच्या गाडीनं परत येतील. त्या माहेरी किती वेळा गेल्या असतील, पण रात्री कधी राहिल्या नव्हत्या. तिथं सगळ्या बहिणी, भाच्या सोप्यात एका ओळीत झोपतात, हे मी पूर्वीपासून ऐकून होते. त्याचा अर्थ मला आत्ता लागला.

चार दिवस झाले तरी निरोप नाही. मी दुपारी फोन लावला. तो त्यांच्या धाकट्या बहिणीनं, अनुसयामावशींनी उचलला.

"आक्का झोपलीया," त्या म्हणाल्या. "दात काडून वाटीत ठेवल्यात आन् घोरतीया. उटवू का?"

"नको, नको. बऱ्या आहेत ना?"

"बरी? आगं, रोज रातच्याला अंथरुनात पडून बोलत बसती. आमाला झोपूच देत न्हाई. मग दुपारची अशी पडती." मावशींचा आवाज खाली आला. "उज्वला, तुला म्हनून सांगते. आमी बहिनी म्हनायचो, आक्का बागायतदाराच्या घरात पडली, आता आमच्या वाकळंवर तिला झोप कुटली याची. म्हनून सांजच्या गाडीनं पळती. मी तर लई वर्सं रुसून हुते तिच्यावर."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ठेवू का?" मावशी म्हणाल्या. "तिचं कूस बदलनं चाललंय. उटल आता."